मृतसाठ्यातले मासे

जालना म्हटलं की लोकांना बियाण्यांच्या कंपन्या आठवतात, लोखंडी सळया आठवतात, मोसंबी आठवते आणि उन्हाळा असेल तर टँकर आठवतात. मासे कुणालाच आठवत नाहीत. "जालन्यात कुठले आलेत मासे?" असं पुण्या-मुंबईकडचे मित्र विचारतात, तेव्हा त्यांना उत्तराची अपेक्षाच नसते. पण उत्तर आहे, आणि चांगलं लांबलचक आहे. आमच्या बाजारात रोहू-कटला येतो, चिलापी येते, नशीब जोरावर असेल तर मरळ आणि वामसुद्धा मिळते. आणि हे मासे पकडणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच आहेत.

तर मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय आहे तलावातली मासेमारी. जाळी, गळ, तराफे, बोटी आणि मासे. सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. कोकणात बघावं तर लहानातल्या लहान होडीच्या मागेही आजकाल मोटर लावलेली असते. मग आमच्याकडच्या तलावांवर मासे धरणाऱ्यांच्या बोटीला मोटर का दिसत नाही? बोट तरी कुठे धड दिसते! दिसतो तो थर्माकोलचा एक जाड तुकडा, त्याला गुंडाळलेलं प्लॅस्टिक, वर मांडी घालून बसलेला माणूस आणि त्याच्या हातात वल्हं म्हणून एखादी फळी.

"पैसे नाहीत म्हणून" हे याचं सोपं उत्तर. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं शोधायला जरा मागे जावं लागतं.

पहिली गोष्ट म्हणजे जालना जिल्ह्यात (हा जिल्हा झाला १ मे १९८१ ला, औरंगाबाद आणि परभणीचे तालुके काढून) नाव घ्यावं असं निसर्गानं बनवलेलं तळं नाही. इथलं प्रत्येक मोठं तळं कुणीतरी बांधलेलं आहे. निसर्गानं दिल्या त्या नद्या. दक्षिणेच्या सीमेवर गोदावरी, मधून दुधना, शहरातून कुंडलिका आणि उत्तरेला पूर्णा, गिरजा, केळणा, जुई. यातल्या बहुतेक पावसाळ्यात दांडगाई करतात आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटून पडतात. जुनी मासेमारी या डोहांची होती. भोई आणि कहार हे लोक फेकजाळं घेऊन उतरत, गळ टाकत, प्रवाहाला आडवं जाळं लावत. पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट वर चढणारे मासे, म्हणजे चढणीचे मासे, ही वर्षातली सगळ्यात मोठी कमाई.

आणि बोट? नदी ओलांडायला सांगड असायची. दोन मोठे वाळलेले दुधी भोपळे दोरीनं एकमेकांना जखडायचे, मध्ये छाती टेकवायची आणि पाय मारत पलीकडे जायचं. आपण रोज "अमक्याची तमक्याशी सांगड घातली" असं म्हणतो ना, ती हीच सांगड. (सॉफ्टवेअरमध्ये दोन सिस्टिम एकमेकींना जोडतात त्याला 'इंटिग्रेशन'पेक्षा हा शब्द किती छान आहे!) जास्त माणसं किंवा माल असेल तर वेताकाठीची गोल टोपली, बाहेरून चामड्यानं मढवलेली. १८०३ च्या मोहिमेत आर्थर वेलस्लीच्या फौजेनं दख्खनच्या नद्या ओलांडायला अशाच टोपलीनावा वापरल्या होत्या.

वेलस्लीचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट सांगतो. २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आपल्याच जिल्ह्यात झाली, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर बाजूनं जायचं तर केळणा ओलांडायला हवी. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही. वेलस्लीनं दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि ठरवलं की गावं इतकी जवळ आहेत म्हणजे मध्ये पायउतार असणारच. तो होता. पुढचा इतिहास शाळेत झालाय, म्हणून लढाई इथेच सोडतो. मला त्यातलं एवढंच हवं आहे की नदी कुठे गुडघाभर आहे आणि कुठे पुरुषभर, हे ज्ञान तेव्हा राज्यं फिरवू शकत होतं. आणि काठावरच्या भोयाला ते फुकटात, लहानपणापासून असायचं.

या ज्ञानाची लेखी नोंद आहे का? आहे, आणि ती अगदी अनपेक्षित जागी आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी नोंदणीकार होता. म्हणजे आजच्या भाषेत डेटा गोळा करणारा माणूस. पिकं, पाऊस, बाजारभाव मोजता मोजता हा गडी दख्खनचे पक्षी आणि मासेही नोंदवत गेला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेनं छापला. त्यात ४६ जाती आहेत, बहुतेक भीमेच्या खोऱ्यातल्या. गंमत अशी की नव्या जातींना लॅटिन नावं देताना साइक्सनं मासेमाऱ्यांकडून ऐकलेली नावं सरळ उचलली. खुद्री, कोलस, बोगट, मुल्या, फुलंगी, शिंगटी, कटरणी. नुक्ता नावाच्या माशाच्या थोबाडाचा आकार पाहिला की आपला 'नकटा'च आठवतो. यातली बरीच नावं आजही जगभर शास्त्रीय नावं म्हणून चालतात. टॉर खुद्री, लॅबिओ बोगट, मिस्टस सींगटी, रीटा कुटुर्नी. टॉर खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर, आणि तो गोदावरीतही होता.

म्हणजे बघा, अंगठा उठवणाऱ्या माणसांनी ठेवलेली मराठी नावं लंडनच्या पुस्तकात जाऊन बसली. पुढच्या काळात मात्र काठावरच्या माणसाला हिशेबात घेणारा कुणी भेटला नाही.

भोई समाजाचा गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास मी असा वाचतो. त्यांचे धंदे तीन. पालखी-मेणे खांद्यावर वाहणं, नदीवर तर चालवणं आणि मासे धरणं. १९०० च्या आसपास मनमाड-सिकंदराबाद ही निजामाच्या मुलखातली रेल्वे सुरू झाली, जालना स्टेशन आलं, पाठोपाठ सडका आल्या आणि पालखी संपली. नद्यांवर पूल झाले आणि तर संपली. राहिले मासे. तर नदीवर धरणं झाली आणि ज्या नदीची इत्थंभूत माहिती होती ती नदीच उरली नाही. डोह पाण्याखाली गेले, उतार पाण्याखाली गेले, चढणीच्या माशांची वाट भिंतीनं बंद झाली. बदल्यात मिळाला तलाव. उथळ, पसरट, वारा सुटला की लाटा उसळवणारा आणि संपूर्ण अनोळखी.

जालन्यात तलाव याआधी अगदीच नव्हते असं नाही. शहराला लागून मोती तलाव आहे, तो सोळाव्या शतकात जमशेदखानानं बांधला. तिथून जमिनीखालच्या नळांनी गावात पाणी खेळवलेलं होतं. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या राजवटीतला, १९३० च्या दशकातला. त्याचं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारानं शहरात येतं, हे इंजिनिअर माणसाला आजही कौतुकाचं वाटावं असं काम आहे. पण खरी गर्दी झाली ती १९७२ च्या दुष्काळानंतर. रोजगार हमीच्या कामांवर मातीचे बांध पडले, गावोगाव पाझर तलाव झाले. मग मध्यम प्रकल्प आले: भोकरदन तालुक्यात जुई आणि धामणा, जाफराबादला जीवरेखा, बदनापूरला अप्पर दुधना, अंबडला गल्हाटी, जालन्याला कल्याण आणि कल्याण गिरजा. (ज्या जुईच्या काठी १८०३ ची लढाई झाली, तिच्यावर आज धरण आहे.) दुधनेवर सेलूजवळ निम्न दुधना झालं, त्याचं पाणी मागे परतूर तालुक्यापर्यंत पसरलं.

आणि या सगळ्यांचा थोरला भाऊ म्हणजे पैठणचं जायकवाडी. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. धरण जालना जिल्ह्यात नाही, पण त्याचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा अंबड, घनसावंगी, परतूर करत परभणीकडे जातो, आणि २०१३ पासून जालना शहर पितं तेही त्याचंच पाणी. म्हणून नाथसागराचं भलंबुरं आमचंही आहे.

आता प्रश्न असा की या नव्या पाण्यात मासे कुठून आले? नदीतले काही राहिले. मरळ, शिंगटा, वाम, शिवडा टिकले. पण महसीरासारख्या प्रवाहाच्या माशाला साचलेलं पाणी मानवत नाही. तलाव भरायला बाहेरून मासे आणावे लागले, आणि ते आले गंगेच्या खोऱ्यातून: रोहू, कटला, मृगळ. ही तिकडी म्हणजे वाटणीचा उत्तम नमुना आहे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. एकाच तळ्यात तिघं गुण्यागोविंदानं राहतात. अडचण एकच. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. त्यामुळे सुरुवातीच्या काळात पिल्लं बंगालकडच्या नद्यांतून गोळा करून आगगाडीनं देशभर न्यायची पद्धत होती. वाटेत किती मरत असतील ते विचारूच नका.

१० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचं प्रजनन घडवून आणलं. पूर न येताच माशाला 'पूर आला' असा संदेश द्यायचा! म्हणून आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. या एका इंजेक्शनमुळे जालन्यासारख्या कोरड्या जिल्ह्यात तलावात मासे सोडणं शक्य झालं. मत्स्यबीजासाठी मराठीत जे शब्द रुळले ते मला फार आवडतात. अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे, थोडं वाढलं की अर्धबोटुकली, बोटाएवढं झालं की बोटुकली. स्वयंपाकघरातलं जिरं आणि हाताचं बोट, एवढ्या मापांत अख्खं शास्त्र बसवलंय.

चिलापी मात्र आपल्या पायांनी आली म्हणायची. आफ्रिकेचा हा मासा भारतात आणला १९५२ मध्ये. मादी अंडी तोंडात धरून उबवते, साचलेल्या पाण्यात बिनबोभाट वाढते, कुणी बोटुकली सोडो न सोडो. बाकी जातींच्या पोटावर ती पाय देते हे खरं. पण ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी पाटीत जे काही असतं ते चिलापीच असते.

मासे बदलले तशी हत्यारंही बदलली. नदीवरचं जाळं सुताचं नाहीतर तागाचं असे. सूत पाण्यात कुजतं, म्हणून ते झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवायचं, रोज वाळवायचं, फाटलं की विणायचं. अर्धा दिवस मासे धरण्यात आणि अर्धा जाळ्याची सेवा करण्यात जायचा. मग नायलॉन आलं. ते कुजत नाही, वजनाला हलकं. त्यानंतर आला तंगूस, म्हणजे एकपदरी पारदर्शक धागा. पाण्यात तो माशाला दिसतच नाही. संध्याकाळी तंगुसाचं जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं लावायचं, पहाटे जाऊन उचलायचं. मासा घुसायला बघतो, डोकं आत जातं, कल्ले अडकतात, मागे येता येत नाही. कुठल्या आकाराचा मासा अडकणार हे भोकाचा आकार ठरवतो. म्हणून बारीक भोकांचं जाळं म्हणजे पुढच्या वर्षीच्या पोटावर आजच सुरी. आणि तंगूस कुजत नाही हा गुण उलटाही फिरतो. तुटून तळाशी राहिलेलं जाळं धन्याशिवायही मासे मारत राहतं.

तरंगायच्या साधनांची परंपरा तर थेट सांगडीपासून चालू आहे. भोपळ्याच्या जागी आली ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब, मग थर्माकोलचा तराफा. तत्त्व तेच, आर्किमिडीजचं. माणसाच्या वजनाएवढं पाणी बाजूला सारणारी हलकी वस्तू पाहिजे, मग ती भोपळा असो की थर्माकोल. फक्त भोपळा शेवटी मातीत मिसळायचा, थर्माकोलचे दाणे तळ्यातच राहतात.

आता मोटरच्या प्रश्नाकडे येऊ. बोटीला मागे टांगायची मोटर अमेरिकेत ओले एव्हिनरूडनं १९०९ पासून विकायला काढली. आपल्या किनाऱ्यावर १९५० नंतर इंजिनांच्या होड्या वाढल्या, कारण समुद्रात मासा पळतो आणि त्याच्या मागे जावं लागतं. तलावात उभ्या जाळ्याची मासेमारी ही वाट बघायची मासेमारी आहे. मासाच जाळ्याकडे येतो. जाळं लावायला एक फेरी आणि उचलायला एक, तीही काठापासून फार लांब नाही. शिवाय तलावाखाली जुनं रान बुडालेलं असतं. बाभळीचे बुंधे, विहिरींची तोंडं, घरांच्या भिंती. पाणी उतरलं की पंखा त्यात आपटणार, नाहीतर कुणाच्या तरी तंगुसात गुंतणार. आणि पेट्रोलचा खर्च पाटीभर चिलापीतून निघायचा कसा? तेव्हा मोटर न लावणं हा हिशेबी शहाणपणा आहे.

पण खरं सांगू का, आमच्या तलावांवर मोटरी आहेत. खूप आहेत. त्या बोटीला नाहीत, काठावर आहेत. पाणी उपसणाऱ्या. शेताचे पंप, गावाच्या योजना, शहराच्या योजना. मासेमाऱ्याची गाठ खरी या मोटरींशी आहे, कारण तो तलावावर असतो पण तलावाच्या पाण्यावर त्याचा शब्द चालत नाही. मच्छीमार सहकारी संस्थेला ठेका मिळतो तो माशांचा. पाण्याचा मालक पाटबंधारे खातं. पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं हे ठरवताना पिण्याचं पाणी, शेती, उद्योग असे रकाने असतात. माशांचा रकाना नसतो. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट टेबलमध्ये कॉलम म्हणून नसेल तर प्रोग्रॅमच्या दृष्टीनं ती जगातच नसते. इथेही तेच.

आणि इथे येतो तो शब्द, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला. मृतसाठा.

धरणातून कालव्यात पाणी सोडायचं दार एका ठरावीक उंचीवर असतं. त्या उंचीच्या वरचं पाणी आपोआप बाहेर जातं, म्हणून ते 'उपयुक्त' किंवा 'जिवंत' साठा. खालचं पाणी दारातून जात नाही, तिथे वर्षानुवर्षं गाळ साचणार हे गृहीत धरलेलं असतं, म्हणून तो 'मृत' साठा. जायकवाडीचे आकडे बघा. एकूण साठा २९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त २१७१ आणि मृत ७३८. तलाव पूर्ण भरला की पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं. भागाकार केला तर सरासरी खोली येते आठ मीटरच्या थोडी वर. एवढं पसरट ताट उन्हात ठेवल्यावर बाष्पीभवन किती होत असेल याचा अंदाज करा. म्हणजे उन्हाळ्यात पाणी दोन बाजूंनी जातं, कालव्यानं आणि आभाळात. मे महिन्यात काय उरतं? बऱ्याच वर्षी उरतो तो मृतसाठाच.

माशांच्या बाजूनं विचार केला तर हाच त्यांचा जिवंत साठा. पाणी आटत जातं तसे सगळे मासे या उरलेल्या पाण्यात गोळा होतात. पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मरळ, शिंगटे, सगळे त्यात असतात. पेपरात धरणाचा साठा 'शून्य टक्के' छापून येतो, त्या दिवशी त्या शून्यात अख्खं मत्स्यकुळ दाटीवाटीनं श्वास घेत असतं. भीमेवरच्या उजनीत तर आकडे शून्याच्याही खाली जातात. तिथे मृतसाठाच ६३ टीएमसीच्या वर आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा जवळपास उणे ६० टक्के झाला होता. गणितात उणे, तळ्यात मासे.

त्या दिवसांत मासे धरणं सोपं जातं. मे महिन्यात पाट्या भरतात, भाव पडतो आणि बघणाऱ्याला वाटतं मासेमाऱ्यांची चंगळ आहे. प्रत्यक्षात तो मुदत ठेव मोडून खात असतो. पाणी उथळ आणि गरम झालं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, पहाटे तर सगळ्यात कमी. मग एखाद्या सकाळी मेलेल्या माशांचा थर काठाला लागतो. आणि मोटरी लावून मृतसाठाही उपसायची पाळी आली तर सगळंच संपलं. २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात घालावा लागला. जालन्यानं २०१२-१३ चा दुष्काळ तर अक्षरशः अंगावर काढला, घाणेवाडी कोरडं पडलं होतं. माणसांना प्यायला पाणी नाही तिथे माशांचं काय बोलायचं, असं कुणीही म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. पण तलाव एकदा पूर्ण कोरडा झाला की पुढच्या पावसात पाणी परत येतं, मासे येत नाहीत. नवी बोटुकली सोडायची, ती विकायजोगी व्हायला जवळपास वर्ष जायचं, तोवर संस्थेच्या सभासदांनी खायचं काय? दुष्काळाची नुकसानभरपाई पिकाच्या पंचनाम्यावर मिळते. पाण्यातल्या पिकाचा पंचनामा करणार कोण? भोयाच्या घरात हा दुष्काळातला तेरावा महिना असतो.

घाणेवाडीची पुढची गोष्ट चांगली आहे. जालन्यातल्या लोकांनीच पुढाकार घेऊन त्या तलावातला गाळ काढला. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाही आली. गाळ निघाला की तळं खोल होतं, पाणी जास्त दिवस टिकतं, म्हणजे ते माशांच्याही फायद्याचं. तळाशी एखादा खोल डोह मुद्दाम राखला तर आटत्या तळ्यात निदान बियाण्यापुरते मासे वाचतील. जुन्या नदीत हेच काम निसर्ग करत होता.

दोन नवे पाहुणे सध्या पाण्यावर आलेत. पहिला, तरंगते सौर पॅनेल. जायकवाडीच्या पाण्यावर मोठा सौर प्रकल्प करायचं घाटतंय. बाष्पीभवन कमी होईल, वीज मिळेल, हे त्याचे फायदे नाकारता येत नाहीत. कहार समाजाच्या एका संघटनेनं त्याविरुद्ध आधी हरित लवादाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हस्तक्षेप करायला नकार दिला. पाण्याच्या आतलं आपलं नाही हे मासेमाऱ्यांना माहीत होतंच. आता पाण्याचा पृष्ठभागही आपला धरता येणार नाही, ही भीती मला तरी अनाठायी वाटत नाही.

दुसरा पाहुणा म्हणजे शेततळं. जालना तालुक्यातलं कडवंची हे गाव द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी राज्यात ओळखलं जातं. प्लॅस्टिक अंथरलेल्या अशा तळ्यात मासेही सोडता येतात. शेतकऱ्याला जोडधंदा झाला, चांगलंच आहे. पण क्रम बघा. नदीतला मासा धरेल त्याचा होता, तलावातला ठेकेदार संस्थेचा झाला, शेततळ्यातला सातबारावर ज्याचं नाव आहे त्याचा. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्या भोयानं या साखळीत कुठे उभं राहायचं? गळाचंही तसंच. ऑनलाइन मागवलेली फायबरची कांडी आणि रीळ घेऊन सुट्टीच्या दिवशी तळ्यावर बसणारी हौशी मंडळी आता आहेत, आणि मला त्यांचा हेवाच वाटतो. त्यांचा रविवार मजेत जातो. भोयाचा सोमवार त्याच तळ्यावर उजाडतो.

यावर उपाय म्हणून काही फार मोठं सांगायची माझी पात्रता नाही. पण एक कॉलम वाढवायला काय हरकत आहे? उन्हाळ्याचं पाणीवाटप ठरतं तेव्हा त्या तलावावरच्या मच्छीमार संस्थेला बैठकीत खुर्ची द्यावी. मृतसाठा उपसायची वेळ आलीच तर अमुक पातळीपर्यंतच, अशी माशांसाठी एक रेघ तलावागणिक आखावी, आणि ती मोडायची झाल्यास पिकासारखीच भरपाई मिळावी. पाण्याची इतकी बारीक मोजणी करणाऱ्या खात्याला हे अवघड नाही. साइक्सनं दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून फिरत ४६ मासे नोंदवले, तर आपल्याकडे तर एक्सेल आहे :-)

असो. या वेळी जरा लांबलंच. उन्हाळ्यात पेपरात धरणांचा तक्ता येतो तेव्हा 'मृतसाठा' या रकान्यावरून नजर सरकवण्याआधी क्षणभर थांबा, एवढीच विनंती. आणि आपल्या भागात माशांची, जाळ्यांची काही वेगळी नावं असतील तर जरूर कळवा, मी यादी करतोय.